धोंडा वजा करून

महादेवीअक्कांना कुणी वय विचारलं, की त्या आधी उलट विचारतात, "धोंडा धरून सांगू का वजा करून?"

धोंडा म्हणजे अधिक महिना. तीनेक वर्षांनी एकदा पंचांगात जादाचा येऊन बसतो. त्यात लग्न नाही, साखरपुडा नाही, वास्तुशांत नाही. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, झालं. तुम्ही-आम्ही तो पाळतो आणि विसरून जातो. अक्का विसरत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की ज्या महिन्यात एक धड शुभकार्य होत नाही तो महिना आयुष्यात धरायचाच कशाला? म्हणून जन्मापासूनचे सगळे धोंडे त्यांनी वजा करून टाकलेत. त्यामुळं आधार कार्डावर अक्का साठीच्या पुढं गेल्या असल्या, तरी 'खऱ्या' अक्का अजून साठीत शिरायच्या आहेत.

लातूरला औसा रोडच्या आतल्या अंगाला माझं माहेर. आमच्या आणि अक्कांच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून विरजण, कढीपत्ता आणि गल्लीतल्या बातम्या इकडून तिकडं जातात. अक्कांचं मूळ गाव उदगीरच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि तोंडात 'अय्यो'. दुःख झालं की अय्यो, आनंद झाला की अय्यो, दूध उतू गेलं तर 'अय्यो शिवा'. मामा, म्हणजे त्यांचे यजमान, भुसार बाजारात मुनीम होते. ते गेल्यापासून अक्का एकट्याच राहतात. मूलबाळ नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

किराणा दुकानदार अक्कांना भितो. फरसाणच्या पुड्यावरची तारीख उलटली म्हणून त्यानं एकदा पुडा बाजूला ठेवला, तर अक्का म्हणाल्या, "कंपनीनं धोंडा वजा केलाय का? इचार की फोन करून." समोरच्या घरात पिंट्याचा तिसरा वाढदिवस होता. फुगे लावलेले, मेणबत्ती पेटवलेली, सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत, आणि अक्का कोपऱ्यातून म्हणतात, "अजून महिना हाय की पोराला! मधी धोंडा झालता, तो कुठं गेला?" पिंट्यानं भोकाड पसरलं. केक आता दुकानात परत जाणार असं वाटलं बिचाऱ्याला.

तर अशा या अक्का. आणि त्यांच्या भिंतीपलीकडं मी, दिवस भरलेली.

मी नांदेडला शाळेत शिकवते, सासरही तिथलंच. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून लातूरला आले होते. डॉक्टरीणबाईंनी मला एक तारीख दिली होती, श्रावणातली, नागपंचमीच्या पुढची. ती तारीख मी आनंदाच्या भरात सगळ्या जगाला सांगून टाकली. तुम्ही कधी ही चूक करू नका. विचारलंच कुणी तर 'होईल पुढंमागं' म्हणा आणि तोंड मिटा.

तारीख आली आणि गेली. कळ नाही, काही नाही. साधी कंबरसुद्धा नेहमीपेक्षा जास्त दुखली नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पहिला मान सासूबाईंचा. रोज सकाळी चहाच्या वेळेला फोन, "काय सुनबाई, काही खबर?" अहो, खबर असती तर मी ती डब्यात घालून माळ्यावर ठेवली असती का? पण सासूबाईंना असं बोलता येत नाही. मग मी आपली गोड आवाजात, "नाही ना अजून." पलीकडून एक मोठा सुस्कारा यायचा, जसं काही मीच उंबरठ्यावर हात आडवा लावून बाळाला अडवून धरलंय. त्यांच्यानंतर मुदखेडच्या चुलत सासूबाई. त्यांनी तर शोधच लावला. "घोडीचं दावं ओलांडलीस का गं कुठं? ओलांडलं की घोडीवाणी बारा महिने जातेत बघ."

म्हटलं, "अहो, नांदेडात तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. घोडी कुठून येणार?"

"वरातीतली असंल. जरा याद करून पाह्य."

आणि मी खरंच बसून याद करायला लागले हो! ही माझी अवस्था. दारात उभी राहिले तर जाणारी-येणारी म्हणणार, "अय्या, अजून इथंच?" जशी काही मी फुकट जागा अडवून बसलेय. शाळेत उशिरा येणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर उभं करते, त्याचाच सूड माझं पोर उगवतंय, असं माझ्या नवऱ्यानं फोनवर म्हणून दाखवलं. त्याला मी त्या दिवशी परत फोन केला नाही. पाय सुजलेले, कुशीवर वळायचं म्हणजे ट्रॅक्टर फिरवल्यासारखं, आणि मनात एकच भुंगा: सगळ्यांचं वेळेवर होतं, माझंच का नाही? आत काही बरंवाईट तर नसेल? हे कुणाला बोलूनही दाखवता येत नव्हतं. बोलले की आई रडायची.

आईनं आपल्या परीनं उपाय चालवले होते. उकिडवं बसून फरशी पूस. गच्चीचा जिना चढ, उतर. एका सकाळी एरंडेल घातलेलं दूध घेऊन आली. मी पेला हातात घेऊन परसात उभी राहिले आणि मला जे रडू फुटलं ते थांबेचना.

भिंतीवर अक्कांचं डोकं उगवलं. "कामून रडलालीस गं?"

"तारीख उलटली अक्का."

"कुणाची तारीख? कुणी सांगितलं?" अक्कांनी पदर खोचला आणि बोटाची पेरं मोजायला घेतली. "कार्तिकात राहिलं. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत, वैशाख. मग आला धोंड्याचा जेठ. तो वजा कर. मग खरा जेठ, आखाड, आता श्रावण चाललाय. अगं, कुठं भरलेत दिस? तुझं लेकरू गौरी-लक्ष्म्यांच्या पाठीवर येतंय, भादव्यात. अजून महिना हाय चांगला."

"अक्का, असं कुठं असतं का? पोटातलं बाळ धोंडा पाळतं होय?"

"न पाळायला काय झालं? धोंड्यात कुठलं चांगलं काम होतं, सांग बरं मला. न्हाई ना? मग हातपाय फुटायचं काम तरी त्या महिन्यात कसं होईल? त्यानं तेवढा महिना सुट्टी घेतली."

"सोनोग्राफीत तर वाढलेलं दिसलं."

"मशीनला काय कळतंय धोंडा!" असं म्हणून त्यांनी भिंतीवरून हात लांब केला, माझ्या हातातला पेला घेतला, वास घेतला आणि सगळं दूध त्यांच्या केळीच्या बुडाशी ओतून टाकलं. "लेकरू हाय ते. दुकानाचं शटर न्हाई, ढकललं की उघडायला. जा, झोप जा."

मी बी.एस्सी. आहे. हे सगळं थोतांड आहे हे मला कळत होतं. पण त्या दुपारी मी खूप दिवसांनी गाढ झोपले.

मग अक्का रोजच यायला लागल्या. सकाळी पदराखाली वाटी झाकून यायच्या. कधी हुग्गी, म्हणजे त्यांच्याकडची गव्हाची खीर, कधी धपाटं आणि दही. माझ्या पलंगाच्या कडेला बसायच्या, पोटावर हात ठेवायच्या आणि माझ्याशी एक शब्द न बोलता सरळ बाळाशी बोलायच्या. "काय रे सावकार, काय करलालास आत? उठलास का न्हाई?" आतून एक ढुशी बसायची. "उठलंय. न्याहारी मागलालंय. खाऊ घाल त्याला." दुपारी परत एक चक्कर, संध्याकाळी दिवाबत्ती झाली की परत एक. 'झालं का?' हे दोन शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नाहीत. उभ्या लातूर-नांदेडात असं एकच माणूस होतं, म्हणून मला त्या हव्याहव्याशा वाटायला लागल्या.

गल्लीतल्या बायकांना तर त्यांनी फाटकातच अडवलं. "तिची तारीख लक्ष्म्यांना हाय. तवर कुणी इचारायचं न्हाई. काम असंल तर मला बोला." एका सकाळी सासूबाईंचा फोन आला, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला. "बाईसाब, धोंडा धरलाव का वजा केलाव तुमी?" मग अक्कांनी त्यांना कार्तिकापासून सुरुवात करून सगळं समजावलं. त्यानंतर सासूबाईंचा फोन एकदम बंद झाला. मी घाबरले, रागावल्या की काय! नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आई गुरुजींकडं गेली होती विचारायला. गुरुजी म्हणाले, मुद्दा विचार करण्यासारखा आहे."

डॉक्टरीणबाई मात्र विचारबिचार करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, की थोडे दिवस वाट बघू, मग आपण कळा आणू. तोवर ठरल्या दिवशी तपासायला यायचं. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर कुणाला विचारत बसायचं नाही, उठून यायचं. मी मान डोलावली होती. अक्काही तेव्हा बरोबर होत्या. त्या भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत बसल्या होत्या आणि ऐकत नाहीयेत असंच मला वाटलं होतं.

श्रावणातला सोमवार. बाबा शेताकडं जळकोटला गेलेले. आई बेल घेऊन महादेवाला गेलेली, माझ्यासाठीच काहीतरी बोलायला. अक्कांचीही सोमवारची पूजा, त्यामुळं त्यांना यायला उशीर झाला. आल्या त्या भाकरीच्या पिठाचे हात घेऊनच आल्या, कोपरानं दार ढकलून. पदराला हात पुसला, पोटावर ठेवला. "काय रे सावकार, काय करलालास?"

काही नाही.

"सावकार?" त्यांनी दुसऱ्या बाजूला हात ठेवला. जरा दाबून बघितलं. "सकाळपासून हाललंय का गं?"

मी आठवायला लागले. रात्री हाललं होतं. सकाळी? सकाळी माझं लक्षच नव्हतं. मी स्वतःलाच समजावल्यासारखं म्हटलं, "झोपलं असेल अक्का. अजून तर महिना आहे ना, तुम्हीच म्हणता की."

अक्कांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. विभूतीखाली सगळा रंग उतरला.

"धोंडा गेला मसणात!" अक्का ओरडल्या. "ऊठ! ऊठ आधी!"

कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी लुगडं बदलणारी ही बाई, त्या दिवशी अनवाणी रस्त्यावर धावली. जाणारी रिक्षा दोन्ही हात पसरून अडवली. आत एक माणूस कांद्याचं पोतं घेऊन बसला होता. "उतर रे माझ्या बापा," अक्का म्हणाल्या, आणि तो मुकाट उतरला, पोतं तसंच आत ठेवून. रिक्षावाल्याला त्यांनी धड चालवू दिली नाही. गतिरोधक आला की "हळू, मुडद्या!" आणि सरळ रस्ता लागला की "पळीव की, झोपलास काय!" एरवी मी हसले असते. मी दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते आणि मनात एकच म्हणत होते, हाल रे, एकदा हाल.

दवाखान्यातल्या काउंटरवरच्या मुलीनं कागद पुढं ओढला. "तारीख काय होती?"

आणि अक्कांनी तारीख सांगितली. डॉक्टरीणबाईंची, इंग्रजी महिन्यातली, अगदी बरोबर. कितवा आठवडा सरला तेही सांगितलं. "तारीख उलटून गेली, रातीपासून लेकरू हाललं न्हाई. आधी मशीन लावा पोरीला, कागद मागून भरा." मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

मला आत घेतलं. पोटाला पट्टा बांधला. सिस्टरनं गार जेल लावून तो गोल डबा इकडं सरकवला, तिकडं सरकवला. नुसती खरखर. अक्कांनी पलंगाची दांडी धरली होती, आणि त्यांच्या बोटांवरचं पीठ वाळून तिथं सांडत होतं. मी डोळे मिटून घेतले.

मग आला आवाज. धडधड धडधड धडधड, जोरात, घाईघाईनं.

मी रडायला लागले. अक्का रडल्या नाहीत. त्या मशीनकडं डोळे फाडून बघत होत्या. "हे त्याचं व्हय?" त्यांनी सिस्टरला विचारलं. "काळीज? असं बाहीर ऐकू येतं व्हय?" सिस्टर हो म्हणाली आणि डॉक्टरांना बोलवायला गेली. अक्का हळूच पलंगाशेजारच्या स्टुलावर बसल्या.

"मपलं लेकरू बी असंच गप झालतं," त्या म्हणाल्या. माझ्याकडं न बघता, मशीनकडं बघतच. "दिस भरून वर गेलते. मी सासूला म्हणलं, हालंना. ती म्हणली, झोपलं असंल. जावेला म्हणलं, ती बी म्हणली, झोपलं असंल, भरल्यावर लेकरं झोपतेत. मग मी बी म्हणलं, झोपलं असंल. पोरगी हुती. गोरीपान. झाल्यावर सगळ्या बाया गप. कुणी रडंना, कुणी बोलंना, ती बी रडंना. त्यानंतर काई राहिलंच न्हाई."

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "मग अक्का, ते धोंड्याचं..."

"काय धोंड्याचं? तू रडलालतीस. तारीख तारीख करून तुझ्या जिवाला घोर लावलता सगळ्यांनी. तुला झोप तर लागली का न्हाई? आन् मी काय बेफिकीर हुते व्हय? तीन टायमाला येऊन हात लावून बघतच हुते की." मग त्यांच्या नेहमीच्या ठसक्यात म्हणाल्या, "आन् माझं वय खरंच कमी हाय. ते येगळं."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, ठोके ठीक आहेत पण आता थांबायचं नाही, म्हणाल्या. "बरं केलं लगेच आलात." आई महादेवाच्या देवळातून तशीच धावत आली, नवरा नांदेडहून निघाला, आणि तो लातूरच्या वेशीवर पोचायच्या आत मला ऑपरेशन करून मुलगी झाली. पायाचा अंगठा ते डोकं, सगळी धडधाकट. आणि गळा असा, की खालच्या मेडिकलवाल्यानं वर बघितलं म्हणे.

संध्याकाळी खोलीत ही गर्दी. आई, बाबा, नवरा, आणि त्याच्याबरोबर आलेल्या सासूबाई. पोरगी जी रडायला लागली ती थांबायचं नाव घेईना. आईनं हलवलं. नवऱ्यानं चुटक्या वाजवल्या. सासूबाईंनी "ले ले ले" केलं. बाबा उगीचच पंख्याचं बटण कमी-जास्त करायला लागले. सिस्टर दारातून डोकावून म्हणाली, "शेजारच्या पेशंट झोपल्यात हो, जरा गप करा बाळाला." सगळे जास्तच घाईनं तिला गप करायला लागले.

अक्का दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. अजून अनवाणीच. त्यांनी बाळाला हातही लावला नव्हता. आईनं दोनदा म्हटलं तर, "आधी घरची माणसं घ्या, मी काय शेजारची," म्हणाल्या होत्या. त्या एकदम बोलल्या, "गप नका करू."

सगळे थांबले.

"घडीभर रडू द्या की तिला," अक्का म्हणाल्या. "मला ऐकायचंय."

खोलीत कुणाला काही कळलं नव्हतं, माझ्याशिवाय. पण सासूबाईंनी अक्कांच्या तोंडाकडं बघितलं, आणि काय वाटलं त्यांना कोण जाणे, उठल्या आणि रडती पोर नेऊन सरळ अक्कांच्या मांडीवर ठेवली. माझ्या सासूबाईंचे सगळे फोन मी त्या क्षणाला माफ करून टाकले.

अक्का अंग आवरून ताठ बसल्या, पोरगी सांडेल म्हणून. "रड गं माय," त्या तिच्या तोंडाजवळ वाकून म्हणाल्या. "रड. लई रड."

आणि पोरगी गप्पच झाली की हो! एकदम चिडीचूप, डोळे मिटून. अक्कांनी दचकून माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी बोट पुढं केलं आणि तिच्या तळपायाला हळूच टिचकी मारली.

पोरीनं असा टाहो फोडला की सगळा मजला जागा झाला.

अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. तिला छातीशी धरून पुन्हापुन्हा एवढंच म्हणत होत्या, "हाय. हाय गं बाई. हाय."